ट्रक वळेपर्यंत

ट्रकचा आवाज आला की आमचे हे पळून जात. लग्न होऊन नवी आले तेव्हा मला वाटलं, यांना पोटाचा काही विकार असावा. जेवता जेवता हातातला बाजरीच्या घाट्याचा गोळा खाली टाकून माणूस शेतात शिरतो, याला दुसरं काय कारण असणार? माझी सवत कोतिम चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "पोट नाही गं, कान. ऐकू येण्याचा आजार आहे यांना."

खरंच होतं ते. आम्हाला धूळसुद्धा दिसायच्या आधी यांना ट्रक ऐकू येई. कापूस न्यायला आलेला व्यापारी असो, पोरांना टोचायला आलेली नर्सबाई असो, हे आधी गोरखचिंचेमागे, मग ओढ्यात, मग पलीकडच्या रानात. संध्याकाळी कोंबड्या घरी येत तसे हेही येत, आणि काहीच न झाल्यासारखे पाणी मागत. मुरुमाचा रस्ता आमच्या दाराशीच होता, पण त्यावर यांनी कधी पाऊल ठेवलं नाही. जायचं असेल तर रस्त्याच्या कडेकडेने, काट्यांतून जायचे.

यांचं नाव तिबिला. आमचं गाव कुगपेला, राजधानीहून काया शहराला जाताना लागतं. तो रस्ता आमच्याच लोकांनी बांधला होता. फ्रेंचांच्या वेळी सुगी आटोपली की नाबाचे घोडेस्वार यायचे. नाबा म्हणजे आमचा राजाच, पण त्याच्याही मानेवर गोरा साहेब बसलेला. पुरुषांनी मुरूम खणायचा, बायकांनी डोक्यावरून वाहायचा, आणि मग आम्ही पोरीबाळींनी रांगेत ओणवं होऊन तो लाकडी चोपण्यांनी ठोकायचा. गाणं म्हणत ठोकायचा. गाणं थांबलं की मागून चाबूक. घाटा घरचा, पाणी घरचं, चोपणीसुद्धा घरची. आणि एवढं करून त्या गुळगुळीत रस्त्यावरून गेलं कोण? साहेबाची मोटार, आणि माणसं भरून नेणारे ट्रक.

ते ट्रक दक्षिणेला जात, समुद्राकडच्या जंगलात. तिथं लाकडं तोडायची, रूळ टाकायचे. एका वर्षी हुकूम आला, घरटी एक माणूस. या घरातून तिबिलाचं नाव ठरलं. तेव्हा हे जेमतेम मिसरूड फुटलेले. ज्या सकाळी ट्रक यायचा, त्या सकाळी हे पळाले. पायी चालत सीमेपलीकडे इंग्रजांच्या मुलखात गेले आणि कोकोच्या मळ्यात राबले. ट्रक तर रिकामा जाणार नव्हता. शिपायांनी यांच्या थोरल्या भावाला, रावगोला, चढवलं. रावगोचं लग्न होऊन पहिलीच सुगी होती. तो परत आलाच नाही. मेला की कुठे राहिला, तेसुद्धा कुणी सांगितलं नाही.

सक्तीची मजुरी बंद झाल्याचं कळल्यावर हे परतले. घरच्यांनी रिवाजाप्रमाणे भावाची बायको यांच्या पदरात घातली. ती कोतिम. मी नंतर आले. म्हणजे बघा, ज्याच्या पळण्याने तिचा नवरा गेला त्याच्याच चुलीवर तिने आयुष्यभर घाटा ढवळला. तिची जीभ तिखट होती यात नवल काय?

मग क्रांती आली. राजधानीत तरुण लष्करी लोकांचं सरकार बसलं, देशाचं नाव बदललं, आणि गावोगाव समित्या झाल्या. आमच्या समितीचा मुख्य होता इसाका, सायकली दुरुस्त करणारा. काल चाकाचं पंक्चर काढणाऱ्या पोराच्या खांद्यावर आज बंदूक. माझी मुलगी नोपोको त्याच समितीत बायकांच्या बाजूने होती. तिने एका जमीनवाल्या म्हाताऱ्याचं स्थळ तोंडावर नाकारलं होतं, सभेत उभी राहून बोलायची, पुरुषांनी एक दिवस बाजारहाट करावा म्हणून भांडायची. यांना तिचा अभिमानही वाटे आणि भीतीही.

त्या वर्षी कोरडा वारा जोरात सुटला होता. वाळवंटाकडून येणारी धूळ घाट्यात, डोळ्यांत, अंथरुणात. अशा दिवसांत इसाका आमच्या अंगणात येऊन उभा राहिला.

"तिबिलाबाबा, सरकार रूळ टाकतंय. राजधानीपासून कायापर्यंत आणि पुढे उत्तरेला. बाहेरच्या देशांनी पैसे द्यायला नकार दिला, म्हणून आपण आपल्या हातांनी टाकतोय. आपल्या गावाची पाळी शुक्रवारी. घरटी एक माणूस."

हे खाटेवरून उठले. पुन्हा बसले. पुन्हा उठले. "घरटी एक?"

"हो."

"आणि कुणी आलं नाही तर?"

इसाकाने मान खाजवली. "सक्ती नाही, बाबा. स्वयंसेवा आहे. पण जो येणार नाही त्याला समितीच्या दुकानातून तांदूळ कसा द्यायचा, तुम्हीच सांगा."

कोतिम हसली. "वा रे तुझी स्वयंसेवा! चाबूक खाली ठेवला आणि तांदूळ हाती घेतला."

"थोरल्या आई, तुलना करू नका," इसाका चिडून म्हणाला. "ते साहेबाचं काम होतं. हे आपलं."

"मग आपलं जेवण कोण देणार?"

"सरकार देणार!"

"हे मात्र नवीन आहे," कोतिमने कबूल केलं.

तेव्हापासून यांना बसवेना. अंगणात फेऱ्या, शेतात फेऱ्या. बाजरीच्या कणग्यांभोवती एवढे फिरले की मातीत पायवाट पडली. मी म्हटलं, "अहो, एक दिवसाचं तर काम आहे."

"तेव्हाही थोड्याच दिवसांचं म्हणाले होते."

"तेव्हा गोरे होते."

"ट्रकमध्ये कुठं गोरे होते? चढवणारे सगळे आपलेच होते."



शुक्रवारी सकाळी ट्रक आला. हे आधीच नाहीसे झाले होते. गावातली माणसं पाट्या, फावडी घेऊन चढली. कुणी ढोल घेतला होता, बायका गात होत्या. इसाका आमच्या दारात आला, इकडे तिकडे बघितलं आणि सगळं समजला. एवढ्यात नोपोको आतून आली. डोक्याला फडकं बांधलेलं, हातात भोपळ्याचं पाण्याचं भांडं.

"चल," ती त्याला म्हणाली. "या घरातून मी."

"समितीची माणसं तशीही येतायत. तू घरची म्हणून धरली जाणार नाहीस."

"मग दोन्हीकडून धर. तांदूळ दुप्पट दे."

ट्रकमधली माणसं हसली. मीही हसले. कोतिम तेवढी हसली नाही. ती भिंतीला टेकून ट्रककडे बघत राहिली, धूळ बसेपर्यंत.

ट्रक संध्याकाळी परत यायचा होता. हे आले, नेहमीसारखं पाणी मागितलं. कोतिमने भांडं यांच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "प्या. पोर गेली तुमच्या जागी."

यांनी उचललेलं भांडं खाली ठेवलं. "कोण पोर?"

"किती पोरी आहेत आपल्याला? पुन्हा पळालात. पुन्हा दुसऱ्याला नेलं."

एवढ्या वर्षांत तिने टोमणे हजार मारले असतील, पण हे असं, सरळ, कधी म्हटलं नव्हतं. मी मध्ये पडले. "अगं, येईल आता. अंधार पडायच्या आत येईल."

ट्रक आला नाही. दुसऱ्या सकाळीही आला नाही. ज्यांची माणसं गेली होती ते रस्त्याच्या कडेला येऊन बसले. कुणी म्हणालं, टायर फुटला असेल. कुणी म्हणालं, काम लांबलं असेल. यांनी कुणाचं काही ऐकलं नाही. कोपऱ्यातली जुनी सायकल काढली, फुंकून धूळ उडवली आणि मला म्हणाले, "बस मागे."

"कुठे?"

"पोरीला आणायला."

"तुम्हाला वाट माहीत आहे?"

"वाट दारातच आहे," हे म्हणाले, आणि सायकल रस्त्यावर चढवली.

मी मागे बसले. यांनी या रस्त्याला पाय लावलेला मी पहिल्यांदा बघत होते. हे वेड्यासारखे पायडल मारत होते, खड्डे चुकवत नव्हते, समोरून वारा तोंडात धूळ भरत होता. अर्ध्या वाटेत एक ट्रक समोरून आला. मला वाटलं, संपलं, आता हे सायकल टाकून पळणार आणि मी रस्त्यात पडणार. हँडल डगमगलं. पण वळले नाहीत. ट्रक भोंगा वाजवत निघून गेला, तो आमचा नव्हता, आणि हे रस्त्याच्या कडेला थांबून ओकले. मग तोंड पुसून पुन्हा बसले.

"चालत जाऊया का थोडं?" मी विचारलं.

"बस गप्प."

रुळांवर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मी तसा देखावा कधी बघितला नव्हता. बाजार भरावा तशी माणसं. शहरातले चष्मेवाले कारकून उघड्या अंगाने खडी पसरत होते, दवाखान्याच्या नर्सा होत्या, शाळेच्या मास्तरणी होत्या. कर्ण्यातून कुणीतरी सारखं ओरडत होतं, मध्येच गाणं लागत होतं. पोरं लोखंडी रूळ उचलत होती, दोन्हीकडून चिमट्यांनी धरून, "हो" म्हणत एकदम. कुठेही चाबूक नव्हता. मी मुद्दाम शोधला. बंदुका मात्र होत्या, सैनिकांच्या पाठीवर.

हे गर्दीतून "नोपोको! नोपोको!" करत धावत सुटले. मी मागे. माणसं हसून वाट देत होती. शेवटी एका तरुण लेफ्टनंटने यांना दंडाला धरून थांबवलं. दंडाला धरताच हे गुडघ्यावर बसले, डोक्याची टोपी काढून हातात घेतली, आणि नाबाच्या शिपायांपुढे बोलायचे तसे बोलू लागले.

"साहेब, मी तिबिला, कुगपेलाचा. नाव माझं होतं. पोरीची चूक नाही. मला घ्या, तिला सोडा."

लेफ्टनंट गोंधळला. यांच्या नातवाच्या वयाचा असेल. "उठा, बाबा, उठा. मी साहेब नाही. इथं कुणाला बांधून ठेवलेलं नाही."

"मग ट्रक का नाही आला?"

"डिझेल संपलं. उद्या येईल."

हे वर बघत राहिले. "तेव्हाही असंच सांगायचे. पेट्रोल संपलंय, उद्या सोडू."

  मग लेफ्टनंटही यांच्या समोर खाली उकिडवा बसला. "कुणाला नेलं होतं, बाबा?"

"भावाला."

तेवढ्यात नोपोको आली. कमरेपर्यंत लाल धूळ, तळहाताला चिंधी बांधलेली, आणि चेहरा फुललेला. बापाला खाली बसलेलं बघून ती आधी घाबरली, मग संतापली.

"बाबा! उठा. सगळे बघतायत."

"चल घरी."

"उद्या येते. ट्रक नाही म्हणून आम्ही नुसतं बसून राहायचं होतं का? आम्हीच म्हटलं, अजून एक दिवस करतो."

"माझ्या जागी तू आलीस. मी आलोय आता. तू जा."

"तुमच्या जागी?" नोपोकोने डोक्याचं फडकं सोडून पुन्हा घट्ट बांधलं, राग आला की ती तसंच करते. "मी तुमच्या जागी नाही आले. तुम्ही घरी असतात तरी मी आले असते. मला यायचं होतं."

"रावगोही असंच म्हणाला असेल."

"काका म्हणाले का तसं? कुणी ऐकलं? मी म्हणतेय ते तर ऐका!"

  मला कळत नव्हतं, कोणाच्या बाजूने बोलावं. माझ्या लहानपणी मागे चाबूक होता म्हणून आम्ही गात होतो, आणि ही माझी मुलगी कर्ण्याच्या तालावर हसत खडी टाकत होती. काम तेच. माती तीच. आणि इसाका तांदूळ अडवणार होता, हेही मी विसरले नव्हते.

हे तिथून परतले नाहीत, पण रुळाला हातही लावला नाही. लेफ्टनंटने भाताची थाळी पाठवली. यांनी मला विचारलं, "हे खाल्लं तर काम करावं लागेल का?" मी म्हटलं, "मी खाते, तुम्ही बघा काय होतं ते." मी खाल्लं, काही झालं नाही, तेव्हा यांनी दोन घास घेतले. उरलेला दिवस हे रुळाच्या कडेने इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरत राहिले, जो भेटेल त्याला विचारत, "तू कुठला? परत कधी जाणार? तुझ्या आधीच्या पाळीचे लोक घरी गेले का? तू डोळ्यांनी बघितलंस?" एका मास्तरणीने सांगितलं, "हो बाबा, माझी बहीण गेल्या आठवड्यात आली होती, आता घरी आहे, मला रोज कामाला लावते." तिचे यांनी हात धरले आणि सोडेनात.

दुसऱ्या दिवशी डिझेल आलं. आमची माणसं ट्रकवर चढली, सायकल वर चढवली, मी चढले. हे खाली उभे. नोपोकोने हात पुढे केला. "बाबा, चढा. नाहीतर सायकलवरून एकटे या."

हे चढले. बसले नाहीत, फळीला दोन्ही हातांनी धरून पुढे तोंड करून उभे राहिले. थोडं गेल्यावर मोठा फाटा येतो. उजवीकडे राजधानी, आणि तिथून खाली दक्षिण. डावीकडे आमचं गाव. फाटा जवळ आला तसे यांचे ओठ हलू लागले. मी यांच्या कमरेला धरलं, कारण मला वाटलं, उडी मारणार. गाडी मंद झाली. ड्रायव्हरने चाक फिरवलं. ट्रक डावीकडे वळला.

हे मोठ्याने रडले. माणसं गात होती, त्यांनी गाणं थांबवलं. नोपोको बापाजवळ आली आणि शेजारी उभी राहिली.

गावात कोतिम रस्त्यावर थांबली होती. एकेक माणूस उतरताना ती त्याच्याकडे बघत होती. सगळे उतरले, ड्रायव्हरने फळी लावली, तरी ती ट्रकच्या मागच्या बाजूला येऊन आत डोकावली. ट्रक रिकामा होता. मग ती घरात गेली आणि त्या दिवशी तिने चूल पेटवली नाही.

पाऊस सुरू व्हायच्या आधी नोपोको पुन्हा गेली. या वेळी एका दिवसासाठी नाही, रुळांच्या तुकडीतच राहायला. यांनी अडवलं नाही. मी मात्र अडवलं, भांडले, रडले, तरी ती गेली. ट्रक आले की हे अजूनही उठत, पण पळत नसत. रस्त्यापर्यंत जाऊन कोण आलंय ते बघत.

मग एका वर्षी राजधानीत गोळ्या चालल्या आणि ते सरकार गेलं. समित्यांची पाळी आली. ज्यांना समितीने सभेत आरोपी म्हणून उभं केलं होतं, ज्यांचा तांदूळ अडवला होता, ते आता इसाकाला शोधत होते. तो एका दुपारी आमच्या कुंपणावरून उडी मारून आत आला. बंदूक नव्हती, पायात चप्पलही नव्हती.

"तिबिलाबाबा, सीमेची वाट सांगा. रस्त्यावरून नाही, तुमची ती वाट."

यांचे डोळे चमकले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी यांना हे विचारत होतं. हे खाली बसले आणि काडीने मातीत रेघा ओढायला लागले. "हा ओढा. इथून सकाळी ऊन डाव्या गालावर ठेवायचं. पहिल्या मोठ्या गावात शिरायचं नाही, तिथं कुत्री…" आणि बोलता बोलता थांबले. "घरी मागे कोण आहे तुझ्या?"

"आई. आणि धाकटा भाऊ."

यांनी काडी बाजूला ठेवली आणि तळपायाने सगळ्या रेघा पुसून टाकल्या.

"बाबा! ते मला मारतील!"

"मारतील. मी येतो तुझ्याबरोबर नाबाकडे. त्याच्या अंगणात कुणाला जिवे मारत नाहीत. पण तू गेलास तर ते भावाला धरतील, आणि तू जिवंत राहशील. ते तुला जमणार नाही. मला नाही जमलं."

कोतिम दारात उभी होती. तिने ऐकलं. ती आत गेली, भोपळ्याच्या भांड्यात पाणी घेऊन आली, आधी इसाकाला दिलं, मग यांना. यांना देताना ती म्हणाली, "जा. मीही येते. नाबाच्या बायका माझं ऐकतात."

तिघे रस्त्याने गेले. इसाकाला लोकांनी बदडलं, एक दात गेला, पण जीव वाचला. पुढे तो पुन्हा सायकली दुरुस्त करू लागला, आणि ज्यांनी बदडलं त्यांच्याही करू लागला; मात्र त्यांच्याकडून पैसे जास्त घेतो, असं म्हणतात.

नोपोको तुकडी मोडल्यावर घरी आली. रूळ कायाला पोचले, पण त्या दिवशीच्या सोहळ्याला तिला कुणी बोलावलं नाही. तिच्या तळहातांवरची कातडी जाड झाली होती आणि तिला घरात बसवेना. बाजरी कांडता कांडता मुसळ तसंच टाकून ती अंगणाच्या टोकाला जाऊन उभी राहायची. मी विचारायचे, "काय ऐकतेस?" ती म्हणायची, "काही नाही." कोतिम म्हणाली, "जाऊ दे तिला. तिला बांधू नकोस." शेवटी ती कायाला गेली; तिथं मुरुमाच्या रस्त्यावर मजुरीवर काम निघालं होतं, रोजचे पैसे रोज मिळणारं. जाताना मी विचारलं, "आता कुणासाठी टाकणार खडी? सरकार तर तुझं राहिलं नाही."

"माहीत नाही, आई," ती म्हणाली. सायकलवर तिची वळकटी बांधत होती आणि गाठ सारखी सुटत होती. "पण या वेळी मजुरी ठरवून घेतलीय."

हे पुढे झाले, तिच्या हातातून दोरी घेतली आणि गाठ बांधून दिली. मग आम्ही दोघी आणि हे, रस्त्याच्या मधोमध उभं राहून, ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होतो.